हेल्प लिहिताय? मग युजरला ती सापडेल अशी लिहा

टेक्निकल रायटिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून सांगण्याच्या कामात, यायचंय म्हणणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात की कोणतं टूल शिकू. टूल महिन्याभरात जमतं हो, अवघड असतं ते युजरला सापडेल असं लिहिणं. मी नाशिकला अंबडमध्ये जीएसटी बिलिंगच्या सॉफ्टवेअरची हेल्प लिहिते. आमचे युजर म्हणजे सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधले अकाउंटंट, पिंपळगावचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले. ही माणसं हेल्प बसून वाचत नाहीत. काहीतरी अडलं की सर्चमध्ये दोन शब्द टाकतात, मिळालं तर ठीक, नाहीतर सरळ सपोर्टला फोन.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त अडकले ते नीट सांगते, कारण हे कोणत्याच कोर्समध्ये कोणी सांगत नाही. ई-इनव्हॉइस पाठवताना, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवताना, एक एरर येतो, 2150, डुप्लिकेट आयआरएन. आयआरएन म्हणजे पोर्टलवर त्या बिलाला मिळणारा नंबर. एररचा अर्थ, त्या बिलाचा आयआरएन आधीच तयार झालेला असतो, पुन्हा पाठवायचं नसतं, आधीचाच घ्यायचा असतो. आमच्याकडे त्यावर छान पान होतं, पायऱ्या बरोबर, एररचा स्क्रीनशॉट एकदम स्पष्ट, लाल चौकट वगैरे करून. तरी रोज त्याच एररसाठी फोन. कारण एररचा नंबर आणि मजकूर फक्त त्या चित्रात होता! पानाचं नाव होतं 'ई-इनव्हॉइस निर्मितीतील अडचणी', आणि 2150 हा आकडा पानाच्या मजकुरात कुठेच टाइप केलेला नव्हता. माणसाला चित्रातलं दिसतं, साध्या सर्चला दिसत नाही, तो फक्त टाइप केलेला मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे त्याच्या शोधायच्या यादीत, घेतो. युजर तर स्क्रीनवरचा एररच जसाच्या तसा कॉपी करून टाकणार, त्याच्याकडे दुसरं असतंच काय त्या वेळी?

म्हणून एरर मेसेज शब्दन् शब्द टाइप करा, नंबरसकट, आणि पानाच्या नावातच टाका. 'एरर 2150 डुप्लिकेट आयआरएन आला तर'. स्क्रीनशॉट ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण त्यातला एकही महत्त्वाचा शब्द फक्त चित्रात राहता कामा नये. बटणाचं नाव, टॅबचं नाव, चेतावणी, सगळं. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रामागे लपलेलं वर्णन, दिला की झालं असंही समजू नका, बरेच सर्च तो इंडेक्स करतच नाहीत. एरर डेव्हलपरनेच बदलला तर पानही त्याच दिवशी बदलायचं, नाहीतर जुना मजकूर तसाच राहतो आणि नवीन शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही.

शब्दांचंही तसंच आहे. कसारा घाटात ट्रक बंद पडला, माल दुसऱ्या गाडीत भरला, आता ई-वे बिलात, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन वाहतूक-बिलात, गाडीचा नवीन नंबर टाकायचाय. ड्रायव्हर फोनवर थांबलेला असतो आणि इकडे अकाउंटंट टाइप करतो 'गाडी बदलली'. आपल्या हेल्पमध्ये काय लिहिलेलं असतं? 'पार्ट बी अद्ययावत करणे'. पार्ट बी म्हणजे ई-वे बिलातला गाडीच्या माहितीचा भाग. शून्य रिझल्ट. मेनूची नावं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ठेवलेली असतात, युजरला ती पाठ नसतात. म्हणून पानात दोन्ही येऊ द्या, पहिल्याच वाक्यात 'गाडी बदलली किंवा गाडी नंबर चुकला तर पार्ट बी अपडेट करा' असं.

कधी कधी युजर जे शोधतो ते करताच येत नसतं. 'बिल डिलीट' हे आमच्याकडे कायम शोधलं जातं. पण ई-इनव्हॉइस पोर्टलवर फक्त पहिल्या 24 तासांतच रद्द करता येतं, त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढावी लागते. तेव्हा 'बिल डिलीट' शोधणाऱ्याला क्रेडिट नोटचं पान दिसलं पाहिजे, आणि त्या पानात 'बिल डिलीट, बिल कॅन्सल, बिल रद्द' हे शब्द साध्या वाक्यात आलेले पाहिजेत. सिनोनिमची, म्हणजे समानार्थी शब्दांची, यादी इलॅस्टिकसर्च किंवा अल्गोलिया अशा सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये लावता येते, लावाच, पण ती सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की यादी मागे पडते. पानातला मजकूर पानासोबत राहतो.

मराठीत हेल्प असेल तर अजून एक. 'ॲप' मधला ॲ दोन पद्धतींनी टाइप होतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं, आणि दुसरं अ वर वेगळा चंद्र लावून. डोळ्यांना सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे शब्द. वेगवेगळी रूपं एक करायची जी नेहमीची पद्धत आहे, युनिकोड नॉर्मलायझेशन, तिनेही ते एक होत नाहीत. डेव्हलपरला सांगून इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. हे सांगायला लाजू नका, त्यांना बहुतेक माहीत नसतं.

चॅटबॉट बसवू, मग कशाला एवढं, असं म्हणणारे भेटतील. बॉटसुद्धा उत्तर तुमच्याच पानांतून शोधून देतो. पानात 2150 नसेल तर तो कुठून आणणार, वर ठोकून काहीतरी सांगेल ते वेगळंच. तसेच पैसे घेऊन मार्गदर्शन विकणारे महागडे मेंटॉरशिपवालेही भेटतील. माझं स्पष्ट मत आहे की तुमचा खरा मेंटॉर म्हणजे सपोर्टला फोन उचलणारी ताई. तिच्या शेजारी आठवडाभर बसा आणि लोक कोणत्या शब्दांत विचारतात ते वहीत जसंच्या तसं उतरवा, व्याकरण सुधारू नका. आणि सर्चचे लॉग, म्हणजे युजरने काय काय शोधलं त्याची नोंद, मागा, विशेषतः शून्य रिझल्टवाले. पहिल्यांदा बघाल तर छातीत धस्स होईल, इतकं काय काय सापडत नसतं लोकांना. घाबरू नका. त्यातले बरेच शोध फिरून फिरून त्याच चार-पाच गोष्टींचे असतात, आणि तेवढी पानं नीट केली तरी फोन कमी झालेले ताईच सांगते.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. नाशिकमध्ये बसून, मुक्त विद्यापीठातून शिकूनही हे काम येतं, मी जवळून पाहिलंय. पोर्टफोलिओसाठी ई-वे बिलावर पाच छोटी पानं लिहा, एका पानात एकच अडचण, वेबवर टाका आणि त्याला सर्च जोडा. इंटरव्ह्यूला त्याची लिंक पाठवा, पीडीएफ नको, आणि समोरच्याला सांगा, काहीही शोधून बघा.