फ्रीज नसलेल्या घरात, विदर्भाच्या उन्हात इन्सुलिन कसं टिकवायचं

न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा, वापरात असलेली २५-३० अंशांच्या आत ठेवून साधारण २८ दिवसांत संपवा, असं बाटलीसोबतच्या कागदावर छापलेलं असतं. इकडे ब्रह्मपुरी-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, टिनाच्या घरात आणखी वर. त्यात गावची डीपी जळाली तर दोन-दोन दिवस लाइन येत नाही. कागद लिहिणाऱ्याने नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, पाहिलेला नसावा.

शुगर हा शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचा आजार कधीच राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १९९० मध्ये जगात २० कोटी लोकांना मधुमेह होता. २०२२ मध्ये तो आकडा ८३ कोटींवर गेला. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी एकट्या भारतात १० कोटींहून जास्त सांगते. बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्या घरी फ्रीज असेलच असं नाही.

फ्रीज नसेल तर माठ. त्यासाठी कुंभाराकडून दोन मडकी आणा. बाहेरचं रुंद तोंडाचं, आतलं इतकं लहान की चारी बाजूंनी तीन बोटं जागा सुटेल. दोन्ही कोरी हवीत. रंग दिलेलं किंवा चकाकी असलेलं मडकं झिरपत नाही, आणि झिरपलं नाही तर थंडही होत नाही. मोठ्या मडक्याच्या तळाशी तीन बोटं जाड रेती घाला, त्यावर लहान मडकं ठेवा, मधली फट रेतीने गळ्यापर्यंत भरा आणि रेती थबथबेपर्यंत पाणी ओता. बाटली थेट आत टाकू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून मग ठेवा, नाहीतर ओलीने लेबल सुटतं आणि कोणती बाटली कधी उघडली ते कळेनासं होतं. वरून ओलं गोणपाट. रेतीला सकाळी, दुपारी १२ च्या आत आणि संध्याकाळी पाणी. नवतपात दुपारी आणखी एकदा.

सगळ्यात जास्त चूक जागेत होते. थंड म्हणून माठ आतल्या अंधाऱ्या, बंद खोलीत नेऊन ठेवतात. पाणी उडून गेलं तरच मडकं गार होतं आणि पाणी उडायला वारा लागतो. सपरीत, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर, तिवईवर ठेवा म्हणजे खालूनही हवा खेळेल. फवारणीच्या औषधांच्या कोनाड्याजवळ नको, आणि लेकरांचा हात पोहोचेल तिथेही नको.

बोअरच्या जड पाण्याने दोन-तीन महिन्यांत मडक्यावर पांढरा थर चढतो आणि छिद्रं बुजतात. काथ्याने घासून पाहा. तरी झिरपत नसेल तर मडकं बदला.

माठ म्हणजे फ्रीज नव्हे, तो २-८ अंशांवर येत नाही. साधा थर्मामीटर आतल्या मडक्यात टाकून दुपारी ३ वाजता वाचा. ३० च्या आत असेल तर वापरातल्या बाटलीचं काम झालं. साठ्याच्या बाटल्या मात्र उन्हाळ्यात घरी आणूच नका, महिन्यापुरतंच घ्या. पावसाळ्यात हवा ओली असते, माठ फारसा थंड होत नाही; पण तेव्हा बाहेरचाही पारा उतरलेला असतो, घरातली सगळ्यात गार जागा पुरते.

एखादा दिवस माठ कोरडा राहिला म्हणून बाटली फेकायची गरज नाही. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात काही मानवी इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या ३७ अंशांपर्यंत दोन महिने राहूनही फारशी ताकद गमावत नाहीत असं दिसलं. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा टिनाखालच्या फळीवर दुपार काढलेली बाटली वेगळी. ती वापरू नका.

फ्रीज असलेल्या घरात उलटा धोका असतो. फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकून बाटली गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नसतं. दाराच्या कप्प्यात ठेवा. मेडिकलमधून आणतानाही तेच: बर्फ पिशवीत असू द्या, पण बाटली टॉवेलात गुंडाळून, बर्फाला टेकू न देता.

बाटली कमजोर झाली हे कसं ओळखायचं

पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्या. ३०/७० सारखं मिश्रण मुळात दुधाळ असतं. ते दोन्ही तळव्यांत हळूहळू दहा वेळा फिरवा, दहा वेळा उलटंसुलटं करा, जोरात हलवू नका. तरीही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरे कण चिकटले तर बाटली गेली. अडचण अशी की उन्हाने ताकद गेलेली बाटली बरेचदा चांगलीच दिसते. मग शुगरवरून अंदाज घ्यावा लागतो.

जेवण तेच, डोस तोच, आणि तीन दिवस शुगर चढीच येत असेल तर आधी बाकीची कारणं पाहा. ताप आहे का, पायाला जखम चिघळली का, रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली का. गाठीतलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून रोज जागा बदला. यातलं काही नसेल तर नवी बाटली उघडा.

इथे फार जपा. बाटली कमजोर आहे हे लक्षात न आल्याने शुगर उतरवायला डोस वाढवला जातो, २० चे २८ होतात. मग महिना संपतो, ताजी बाटली येते, आणि तेच २८ युनिट पूर्ण ताकदीने लागतात. त्यात दुपारभर निंदण. उन्हात इन्सुलिन लवकर भिनतं, श्रमाने शुगर आणखी उतरते. डोस वाढवलेला असताना नवी बाटली सुरू करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पहिले दोन-तीन दिवस जेवणाआधी शुगर तपासा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, किंवा मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शेतात जाताना साखरेची पुडी कनवटीला असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, गाडी बोलवा.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माठात ठेवू नका. ओलीने त्या खराब होतात आणि आकडा खोटा देतात. त्यांची डबी झाकण घट्ट लावून कोरड्या सावलीत राहू द्या. मीटर तापला की तोही चूक दाखवून थांबतो. अर्धा तास सावलीत ठेवून मग वापरा.

बाटली बदलली की सिरिंजही पाहा. ४० युनिटच्या (दर मिलीला ४०) बाटलीला लाल टोपीची, १०० ला नारिंगी टोपीची. ४० ची बाटली नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरली तर अंगात ८ च युनिट जातात. १०० ची लाल सिरिंजने भरली तर ५०.

पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या लेकराचं इन्सुलिन, बाटलीबद्दल शंका असली तरी, बंद ठेवायचं नाही. दुसरी मिळेपर्यंत तीच टोचा आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. उलट्या, पोटदुखी आणि धापा लागल्या तर रात्र काढू नका. जाताना बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्या.