डिडिनियमची शिकार कशी पाहावी?

पॅरामेशिअम हा एकपेशीय जीव आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो. त्याला अख्खा गिळणारा डिडिनियम, तोही एकपेशीयच, मात्र तिथे सहसा भेटत नाही. पिंपासारखं अंग, पुढे टोकदार सोंड, भोवती रोमकांचे, म्हणजे पोहायला लागणाऱ्या बारीक केसांचे, दोन पट्टे. स्वतःभोवती गिरक्या घेत तो असा सुसाट सुटतो की नवख्याची नजर कायम मागेच राहते.

आधी भक्ष्य वाढवा. मूठभर भाताचा पेंढा पाण्यात उकळा, गार होऊ द्या आणि त्यात तळ्याचं थोडं पाणी घाला. नळाचं पाणी वापरणार असाल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरिन उडून जाईल. आठवडाभरात पॅरामेशिअम दिसू लागतात. डिडिनियम मिळवणं नशिबाचा भाग आहे. कुजक्या पानांच्या तळ्यातला गाळ वेगवेगळ्या बरण्यांत आणा आणि प्रत्येकीत पॅरामेशिअम सोडून पाहा.

मिळाल्यावर त्यांना वेगळ्या थेंबात काही तास उपाशी ठेवा. काचपट्टीवर तो थेंब घ्या. कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या) चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके लावून तयार ठेवा. आता पॅरामेशिअमचं दाट पाणी थेंबात सोडा, कव्हरस्लिप ठेवा आणि कोपरे अलगद दाबा. पाण्याचा थर पातळ झाला की शिकारी वर-खाली फारसा निसटत नाही, फोकस टिकतो.

मोठं दिसावं म्हणून 400 पटीकडे धावू नका. साध्या सूक्ष्मदर्शकात 40 पटीला साधारण साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, 400 पटीला अर्धा मिलिमीटरही नाही. 40 वर शोधा, 100 वर पाहा. प्रकाश कमी करा, कडा उठून दिसतात. चित्र उलटं असतं, त्यामुळे प्राणी उजवीकडे पळाला की काचपट्टीही उजवीकडेच सरकवायची. हाताला हे जरा उशिराच पटतं.

सोंड पॅरामेशिअमला टेकली की विषारी सुया सुटतात आणि भक्ष्य लुळं पडतं. तेही स्वतःचे धागे फेकतं, पण बहुधा उपयोग होत नाही. मग आपल्याहून मोठा घास डिडिनियम दुमडून आत ओढतो आणि फुगून गोल होतो. मोबाईल आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, लावून स्लो मोशनमध्ये टिपण्याची हीच वेळ.

वेग आवरायला पाणी घट्ट करणारं मिथाइल सेल्युलोज घालतात. शरीर न्याहाळायचं असेल तर ठीक, पण शिकारीसाठी मला ते पटत नाही. शिकारी आणि भक्ष्य दोघंही त्यात जडावतात. 1934 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझेने साध्या माध्यमात, म्हणजे वाढीच्या पाण्यात, हे दोघे एकत्र वाढवले, तेव्हा डिडिनियमने सगळे पॅरामेशिअम संपवले आणि मग स्वतःही उपासमारीने मेला. पुढे 1973 मध्ये लकिनबिल या संशोधकाने याच मिथाइल सेल्युलोजने माध्यम घट्ट केलं तेव्हा दोघं जास्त काळ टिकले.

भक्ष्य संपलं तरी बरणी ओतून देऊ नका. उपाशी डिडिनियम बऱ्याचदा टणक कवच करून तळाशी पडून राहतो. पेंढ्याचं ताजं पाणी आणि नवे पॅरामेशिअम घाला, दोनेक दिवसांनी पुन्हा पाहा.