शेजारच्या वावरातून पाइपलाइन नेली, माझा अनुभव

आमची केळी रावेर तालुक्यात, विहीर एका गटात, बाग दुसऱ्या गटात आणि मधे शेजारच्या आप्पांचं वावर. ते पाइप नेऊ देईनात. मार्चचं ऊन लागलं, पानं करपायला लागली, जीव नुसता वर-खाली होत होता, भांडून तर काहीच होईना. मग एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४९, सरळ तहसीलदारांकडे अर्ज कर.

अर्जासोबत दोन्ही गटांचे सातबारे, नकाशा आणि विहिरीची नोंद जोडली. ही नोंद आधीच करून ठेवा भाऊ, कारण त्या पाण्यावर तुमचा हक्क आहे हे दाखवावं लागतं. आप्पांना नोटीस गेली, त्यांचंही म्हणणं ऐकलं, आणि ते बरोबरच आहे, जमीन त्यांची आहे ना. ऑर्डर झाली ती बांधाच्या कडेने, नुकसान कमीत कमी होईल अशी, पाइप निदान अर्धा मीटर खोल (उघडी चारी असती तर रुंदी दीड मीटरच्या आत), आणि भरपाई मी द्यायची. ती लगेच दिली, चर नीट बुजवला. पाणी सोडलं त्या दिवशी आप्पा स्वतः वॉल्व्हपाशी उभे होते.