आईचा जुना लँडलाइन फोन फायबरवर कसा आणावा

आईच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या तिवईवर फोन असतो. तिचं वय 78. मोबाइलच्या काचेवर तिचं बोट दरवेळी लागतंच असं नाही, आणि आलेला फोन घ्यायला बोट वर सरकवायचं की बाजूला या गोंधळात रिंग संपून जाते. रिसीव्हर मात्र ती अर्ध्या झोपेतही नीट उचलते. गेल्या पावसाळ्यात त्या फोनची तांब्याची लाइन तीनदा डेड झाली. रस्त्याकडेच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, आधी खरखर यायची आणि मग सगळंच शांत. तिसऱ्या वेळी 26 दिवस फोन बंद होता. तेवढे दिवस बहिणींशी तिचं बोलणं झालं ते माझ्या सवडीनं, माझ्या मोबाइलवरून.

शेवटी तोच नंबर आणि तेच यंत्र फायबरवर आणलं. नंतर मामांकडे आणि शेजारच्या काकूंकडेही हेच काम केलं. तिन्ही घरांत मिळून जे शिकलो ते इथे देतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण क्रम चुकला तर तीस वर्षं जपलेला नंबर हातचा जातो.

आत काय बदलतं

तांब्याच्या लाइनवर वीज एक्स्चेंजमधून यायची. तिथल्या बॅटऱ्यांमधून सुमारे 48 व्होल्ट घरापर्यंत पोचायचे, म्हणून गावभर लाइट गेली तरी फोन चालू असायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. घरात जो खोका बसवतात, त्याला कंपनीची माणसं ओएनटी म्हणतात आणि आपण सगळे मोडेम म्हणतो. त्या खोक्याच्या मागे इंटरनेटच्या सॉकेटांपेक्षा अरुंद असं एक सॉकेट असतं. त्यावर ‘टेल’, ‘फोन’ किंवा ‘पॉट्स’ असं काहीतरी छापलेलं असतं. एका छोट्या एक्स्चेंजचं काम तिथे होतं: डायल टोन देणं, रिंगसाठी जास्त व्होल्ट सोडणं, आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवणं. हेच काम करणारा सुटा खोका मिळतो, त्याला एटीए किंवा नुसतं अडॅप्टर म्हणतात. दोन्हीकडे आपलं जुनं यंत्र तसंच चालतं, नवीन फोन घ्यावा लागत नाही.

वेगाची काळजी करू नका. एका फोनला दोन्ही दिशांना प्रत्येकी 100 केबीपीएसच्या आतबाहेर लागतं, आणि सगळ्यात स्वस्त फायबर प्लॅनमध्येही याच्या कितीतरी पट वेग असतो.

आधी नंबराचा निकाल लावा

मोबाइलचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय भारतभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. लँडलाइनला ती नाही. तेव्हा तोच नंबर हवा असेल तर ज्या कंपनीची तांब्याची लाइन आहे, तिच्याचकडे फायबरवर बदलून मागायची. अर्जात ‘नवीन कनेक्शन’ लिहू नका. ‘चालू लँडलाइन त्याच नंबरसह फायबरवर बदलून मिळावी’ असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. शेजारच्या काकूंच्या अर्जावर काउंटरवरच्या माणसानं नवीन कनेक्शनच्या रकान्यात खूण केली होती. नवा नंबर आला, आणि जुना परत मिळवायला दीड महिना हेलपाटे घालावे लागले.

अर्ज देताना तीन गोष्टी विचारून घ्या. तुमच्या एक्स्चेंजचे नंबर फायबरवर जातात का? मधल्या काळात फोन किती वेळ बंद राहील? आणि जे मासिक भाडं सांगताय त्यात फोन धरलाय की फक्त इंटरनेट? तिसरा प्रश्न राहून जातो आणि पहिल्या बिलावर वाद होतो.

दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंत तर नंबर नवाच मिळणार. मग निदान तीन महिने दोन्ही लाइन ठेवा. या काळात जुना नंबर कुठे कुठे दिला आहे याची यादी करा: गॅस एजन्सी, बँक, विम्याची पॉलिसी, पेन्शनची कागदपत्रं, दवाखाना, सोसायटीचं रजिस्टर. तोच नंबर राहील हे पक्कं होण्याआधी आईची यादी मी करायला बसलो, तेव्हा ती फोनजवळची डायरी घेऊन आली. नातेवाइकांची 61 नावं निघाली. त्यातल्या निम्म्या घरी तिच्या वयाची माणसं आहेत. त्यांना मेसेज पाठवून भागत नाही, फोन करून नवा नंबर त्यांच्या डायरीत लिहायला सांगावा लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एवढंच. तिथे घरचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, पण तो पोचायच्या आत जुनी लाइन तोडली तर नंबर जातो. नव्या कंपनीलाच तो ओढून घेऊ द्या. आणि अडॅप्टर लावल्या दिवशीच 911 साठी घराचा पत्ता नोंदवा. खोका घेऊन दुसऱ्या घरी गेलात तर पत्ताही बदला, नाहीतर रुग्णवाहिका जुन्या दारात जाऊन उभी राहील.

खोका बसवायच्या दिवशी

फायबर टाकायला माणूस येतो तेव्हा तो सगळ्यात जवळची खिडकी आणि सगळ्यात जवळचा प्लग बघतो. तुम्ही त्याच्या आधी जागा ठरवून ठेवा. खोका फोनच्या जवळ, किंवा घरातल्या जुन्या वायरिंगच्या एखाद्या रोझेटजवळ (फोनची वायर जोडायचा भिंतीवरचा छोटा डबा) यायला हवा, आणि तिथे इन्व्हर्टरवरचा प्लग हवा. या दोन अटी जुळल्या तर पुढचं काम सोपं होतं.

फायबरची वायर कोपऱ्यात तांब्याच्या वायरसारखी दुमडू नका, तिला गोलसर वळण द्या. झाडू मारताना ओढली जाईल अशी खाली लोंबती ठेवू नका. खोक्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला तर फायबरमधून प्रकाश येत नाही असं समजायचं. ते घरात दुरुस्त होत नाही, तक्रार नोंदवा. सुटलेल्या टोकात डोकावून बघू नका, आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण असतो.

माणूस जाण्याआधी जुनं यंत्र थेट खोक्याच्या फोन सॉकेटला लावून डायल टोन ऐका. इंटरनेट सुरू झालं म्हणजे फोनही सुरू झाला असं होत नाही. फोनची नोंदणी कंपनीकडून वेगळी करावी लागते आणि बऱ्याचदा ती मागे राहते.

घरातली जुनी वायरिंग

खोका एका खोलीत आणि फोन दुसऱ्या खोलीत असेल, किंवा स्वयंपाकघरात पॅरलल फोन असेल, तर भिंतीतली जुनी वायरिंग वापरता येते. इथे मात्र घाई नको.

बाहेरून आलेली जुनी लाइन घरातल्या पहिल्या रोझेटमध्ये शिरते. ती शोधा. बहुतेक वेळा दाराच्या चौकटीवर किंवा गॅलरीच्या भिंतीवर असते. झाकण उघडलं की दोन स्क्रू आणि त्यांना आलेल्या वायरच्या दोन जोड्या दिसतात: एक बाहेरून आलेली, दुसरी घरात गेलेली. बाहेरून आलेली जोडी स्क्रू सैल करून काढा आणि तिची दोन्ही टोकं वेगवेगळी टेपनं गुंडाळा. कापू नका. काम करताना फोन वाजला तर हाताला झटका बसतो, म्हणून कोरड्या हातानं आणि स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ धरूनच हे करा.

ही जोडी काढणं का गरजेचं आहे ते नीट समजून घ्या. जुनी लाइन मेली आहे असं वाटत असतानाच लाइनमन कधीतरी रस्त्यावरचा जॉइंट दुरुस्त करतो. मग एकीकडून एक्स्चेंजचा करंट आणि दुसरीकडून तुमच्या खोक्याचा करंट एकाच वायरीत येतात. रिंग आली की खोक्याचं फोन सॉकेट जळतं. मामांकडे हेच झालं. आधी खोका जोडला आणि रोझेट संध्याकाळी बघू म्हणालो. संध्याकाळपर्यंत सॉकेट गेलं होतं.

बाहेरची जोडी सुटी झाली की दोन्ही टोकांना फोनचा पिन असलेली वायर घ्या. एक टोक खोक्याला, दुसरं घरातल्या कुठल्याही रोझेटला. घरातली सगळी यंत्रं एकदम जिवंत होतात. जुन्या ब्रॉडबँडच्या काळातला, फोन आणि इंटरनेट वेगळं करणारा स्प्लिटर लाइनमध्ये राहिला असेल तर काढून टाका, आता त्याचं काम नाही. तीनपेक्षा जास्त यंत्रं लावू नका, रिंग क्षीण होते. गोल चकतीचा फोन असेल तर आलेला फोन बहुधा घेता येईल, पण चकती फिरवून केलेला नंबर बरेच खोके ओळखत नाहीत.

सुटा अडॅप्टर कधी लागतो

मोडेमला फोन सॉकेटच नसेल, किंवा तुम्ही इंटरनेट एकाकडून आणि फोन दुसऱ्याकडून घेत असाल, तर एटीए लागतो. ग्रँडस्ट्रीमचा एचटी801 एका फोनसाठी आहे आणि एचटी802 दोन फोनसाठी. घेताना सॉकेटावर ‘एफएक्सएस’ किंवा ‘फोन’ लिहिलेलं हवं. ‘एफएक्सओ’ किंवा ‘लाइन’ लिहिलेलं सॉकेट बाहेरच्या लाइनसाठी असतं, त्यात यंत्र लावून डायल टोन येत नाही.

अडॅप्टर मोडेमला नेटवर्कच्या वायरनं जोडा, यंत्र त्याला लावा आणि रिसीव्हर उचलून ताऱ्याचं (*) बटण तीनदा दाबा. इंग्रजीत मेनू ऐकू येतो. मग 02 दाबलं की तो आपला आयपी पत्ता वाचून दाखवतो. तो कागदावर लिहून घ्या आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड खोक्याच्या तळावरच्या स्टिकरवर किंवा सोबतच्या पत्रकात असतो. आत एफएक्सएसच्या पानावर फोन कंपनीनं दिलेल्या चार गोष्टी भरायच्या: सर्व्हर, युजर आयडी, ऑथेंटिकेट आयडी आणि पासवर्ड. सेव्ह करून खोका बंद-चालू केला की फोनचा दिवा लागतो.

समोरच्याचा आवाज येतो पण आपला जात नाही, किंवा उलटं, अशी तक्रार आली तर मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘सिप एएलजी’ शोधून बंद करा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. यंत्रावर आलेला नंबर दिसत नसेल तर अडॅप्टरमधली कॉलर आयडीची पद्धत एफएसकेवरून डीटीएमएफवर नेऊन बघा.

लाइट गेल्यावर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण म्हातारी माणसं रात्री अंधारात फोनकडेच वळतात. आता लाइट गेली की फोन बंद, जोवर तुम्ही सोय करत नाही तोवर.

घरात इन्व्हर्टर असेल तर खोका त्याच्या प्लगवर घ्या. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर लाइट जाताना खोका एकदा बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं डायल टोन नसतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा लहान यूपीएस घ्या. खोक्याला वीज देणाऱ्या चार्जरवर छापलेले व्होल्ट, बहुतेक 12, अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. सुटा एटीए असेल तर त्यालाही बॅकअप द्या. कॉर्डलेस फोनचा तळ विजेवर चालतो, म्हणून एक तरी साधं वायरचं यंत्र घरात असू द्या.

आणखी एक गोष्ट फायबर घेण्याआधीच विचारा. काच, म्हणजे फायबर, थेट तुमच्या घरात येणार, की इमारतीच्या गच्चीपर्यंत काच आणि तिथून साधी नेटवर्क केबल? दुसऱ्या प्रकारात गच्चीवरच्या स्विचला वीज लागते. इमारतीची लाइट गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही फोन बंद. काच थेट घरात येत असेल तर वाटेतल्या फाट्यांना वीज लागत नाही.

एक फायदाही सांगतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली की आम्ही धावत जाऊन फोनची वायर काढून ठेवायचो, कारण तांब्यातून झटका थेट यंत्रात यायचा. काचेतून तो येत नाही. विजेच्या प्लगमधून मात्र येऊ शकतो.

फोन घरच्यांच्या हाती देण्याआधी

मोबाइलवरून एसटीडी कोड लावून घरी फोन करा आणि पाच मिनिटं बोला. त्याच वेळी टीव्हीवर कोणालातरी व्हिडिओ लावायला सांगा. मग घरून मोबाइलला फोन करा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी 0 लावावा लागतो. ज्यांच्याकडे फोन बरेच दिवस बंद होता त्यांना हे माहीत नसतं आणि फोन बिघडला असं वाटतं. गावातल्याच लँडलाइनला कोड लागतो का तेही बघून घ्या. गॅस बुकिंगचा नंबर लावून आकडे दाबा, पलीकडून ते ओळखले जातात का ऐका. शेवटी मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा आणि अंधारात रिसीव्हर उचला.

आईच्या फोनखाली मी मोठ्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: मोबाइलला आधी 0, मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108, आणि आवाज नसेल तर पांढऱ्या खोक्याचं बटण बंद करून दहापर्यंत मोजून पुन्हा चालू कर. तिनं ते एकदा माझ्यासमोर करून दाखवलं, तेव्हाच मी परत निघालो.

जुनी तांब्याची लाइन वेगळ्या कंपनीची असेल तर वर सांगितलेले तीन महिने नवा फोन नीट चालल्यावरच ती बंद करा. बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, यंत्र कंपनीचं असेल तर परत करून पावती घ्या आणि सुरुवातीला भरलेल्या डिपॉझिटची मागणी त्याच अर्जात लिहा. ते अंतिम बिलातून वळतं करून उरलेले पैसे खात्यावर येतात, त्यासाठी रद्द केलेला चेक सोबत जोडा.