रिकॉम्बिनंट एन्झाइम ‘चालत नाही’? या चुका टाळा

“सर, ॲक्टिव्हिटीच येत नाहीये.” मानवी रिकॉम्बिनंट एन्झाइम (मानवी जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेलं) मागवलं, ते अभिक्रिया घडवेना, की आपल्याकडच्या लॅबमध्ये हे वाक्य हमखास कानी पडतं आणि पहिला संशय जातो कंपनीवर. खराब लॉटही (उत्पादनाची खेप) येतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ पार्सल उतरल्यानंतरचाच असतो.

सुरुवात ऑर्डरपासून. ड्राय आइसवर येणारा माल शुक्रवारी निघेल असा मागवू नका. नांदेड किंवा लातूरला तो शनिवारी संध्याकाळी पोचतो, विभागाला कुलूप असतं आणि मे महिन्यात बाहेर ४२ अंश. पार्सल मंगळवार-बुधवारी हातात पडेल असं बघा. खोक्यात ड्राय आइस शिल्लक होता का, हे उघडताक्षणी फोटो काढून ठेवा. कोरडी पावडर मात्र पुष्कळदा साध्या तापमानालाच पाठवतात. ती गार नाही म्हणून घाबरू नका.

ही पावडर कधीकधी जेमतेम १० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे डोळ्यांना कुपी रिकामीच दिसते. झाकणाला चिकटलेलं प्रथिन उघडताना उडून जातं, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. माहितीपत्रकात सांगितलेलाच बफर (पीएच म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घाला, व्हॉर्टेक्स करू नका म्हणजे यंत्रावर जोराने घुसळू नका. फार पातळ द्रावण प्लास्टिकला चिकटून संपतं; प्रयोगाला चालत असेल तर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. मग लगेच छोटे भाग करून गोठवा, कारण गोठवणं-वितळवणं जितक्या वेळा, तितकी घट. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळाच. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःच अधूनमधून गरम होतो. लोडशेडिंगमध्ये दार उघडून ‘जरा बघू’ हा मोहही आवरा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक बफरची. ट्रिस या नेहमीच्या बफरचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, अंशाला साधारण ०.०३ इतका. एसी नसलेल्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांवर पीएच ८ ला लावलेला ट्रिस ४ अंशांवर जवळजवळ ९ होतो. तेव्हा ज्या तापमानाला प्रयोग, त्याच तापमानाला पीएच लावा.

बफरमध्ये आणखी काय आहे तेही वाचा. ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) सवयीने घालणारे पुष्कळ. पण मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजना (पेशींभोवतालची प्रथिनं तोडणारी एन्झाइम) झिंक आणि कॅल्शियम लागतं. ईडीटीएने ती जागच्या जागी थांबतात. शिवाय ही एन्झाइम अनेकदा सुप्त रूपात विकली जातात. एपीएमएसारख्या द्रव्याने ती आधी जागवावी लागतात (एपीएमएमध्ये पारा असतो, हातमोजे घाला). ही पायरी गाळून एन्झाइमला मृत घोषित करणं हा अन्याय आहे. ॲसिटिलकोलिनएस्टरेज (चेतासंदेशक ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम) एलमन पद्धतीने, म्हणजे डीटीएनबी या रसायनाचा ४१२ नॅनोमीटरला दिसणारा पिवळा रंग बघून, मोजताना डीटीटी हा क्षपणकारक नको: थायोल (गंधक-हायड्रोजन) गट असल्याने तो डीटीएनबीशी थेट अभिक्रिया करतो आणि एन्झाइम नसलेली ट्यूबसुद्धा पिवळी होते.

वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांसाठी थोडं जास्त. बालाघाटातल्या सीताफळाच्या पानांचा अर्क घातला, एन्झाइम ९० टक्के दबलं, लगेच पेपर लिहायला घेतला, असं करू नका. पानांतलं टॅनिन (तुरट द्रव्य) कुठल्याही प्रथिनाला धरून खाली बसवतं. शिवाय अर्काचा स्वतःचा रंग ४१२ नॅनोमीटरला शोषण दाखवतो, म्हणून अर्क आहे पण एन्झाइम नाही असा ब्लँक (तुलनेची ट्यूब) हवाच. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) घालून प्रयोग पुन्हा करा. दाब निघून गेला तर तो खरा इनहिबिटर (एन्झाइम रोखणारा) नसण्याची शक्यता दाट. द्रावक म्हणून डीएमएसओ वापरला असेल, तर कंट्रोलमध्येही तेवढाच घाला.

दोन कंपन्यांचे आकडे ताडताना एकक बघा. एक पत्रक मिलिग्रॅममागे युनिट देतं, दुसरं मायक्रोग्रॅममागे मिनिटाला पिकोमोल. मिनिटाला १ मायक्रोमोल म्हणजे १ युनिट धरलं, तर दुसऱ्या पत्रकातले १००० म्हणजे पहिल्यातला १. तापमान आणि सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) वेगळे असतील तर तुलनाच नको.

इतकं करूनही आकडा येत नसेल तर एन्झाइम दुप्पट करा. वेगही दुप्पट झाला तर एन्झाइम जिवंत आहे, फक्त मात्रा कमी पडत होती. वेग हललाच नाही, तर पत्रकातल्याच सबस्ट्रेटवर आणि पत्रकातल्याच बफरमध्ये एकदा चालवून बघा. तिथेही शून्य आलं तर लॉट नंबर, पार्सलचा फोटो आणि ब्लँकसकट कच्चे आकडे जोडून कंपनीला मेल करा. नुसत्या ‘काम करत नाही’ला उत्तरादाखल प्रश्नावलीच येते.