बेळगावहून कारवारच्या बंदरावर: कोळंबी-खेकड्यांचा अभ्यास करायचा असेल तर

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या बीएस्सी झूलॉजीवाल्यांसाठी लिहितोय. समुद्र आपल्याला परका वाटतो, पण कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबागेत आहे, काळी नदीच्या मुखाजवळ. रामनगर-जोयड्यावरून अणशी घाट उतरायचा, एवढंच. घरात मराठी, शाळेत कन्नड, कोकणीही कानावरून गेलेली असतेच. कारवारच्या बैतखोल बंदरावर सुंगटं (कोळंबी) निवडणाऱ्या मावश्यांशी बोलताना हे गुणपत्रिकेपेक्षा जास्त कामाला येतं.

सुरुवातीला शास्त्रीय नावांची घोकंपट्टी नको. ढिगातून जाती वेगळ्या करायला शिका. कोळंबीच्या पोटाचा दुसरा खंड बघायचा. त्याची बाजूची झडप पुढच्या आणि मागच्या, दोन्ही खंडांवर चढलेली असेल तर ती कॅरिडियन गटातली. हिची मादी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते. पहिल्या खंडाची झडप दुसऱ्यावर असेल तर पिनीड गटातली, म्हणजे बाजारातली बहुतेक कोळंबी. ती अंडी थेट पाण्यात सोडते. पुष्कळ पिनीडांची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात परततात. करिकाडी ही कोळंबीची जात मात्र सगळा जन्म समुद्रातच काढते. खेकडा सोपा: उलटा करा, पोटाची पट्टी अरुंद तो नर, रुंद ती मादी.

खरी गंमत वयाची. माशाच्या कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजता येतात. कोळंबी-खेकडे मात्र कात टाकतात, कवचाबरोबर वयाची खूणही जाते. म्हणून ढीगभर नमुन्यांची लांबी महिनोन्‌महिने मोजून वाढीचा अंदाज बांधायचा. लांबी मोजायचा व्हर्नियर स्वतःचा घ्या. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजा. पुढचा काटेरी रोस्ट्रम धरू नका, जाळ्यात तो बऱ्याचदा मोडतो.

प्रबंधाचा विषय ठरवताना कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलिंग (यांत्रिक बोटीमागे जाळं ओढून मासेमारी) बंद. वर्षभराच्या प्रजननचक्राचा विषय घेतलात तर ऐन पावसाळ्यात तक्ता रिकामा राहील. मार्गदर्शकांना आधीच विचारा, त्या काळात किनाऱ्यालगतच्या छोट्या जाळ्यांतले नमुने चालतील का.

नोकऱ्या? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे प्रकल्प, निर्यातीचे प्रक्रिया कारखाने, व्हॅनामेई या शेतीतल्या कोळंबीच्या हॅचऱ्या, म्हणजे पिल्लं तयार करायची केंद्रं. हॅचरीत जाणार असाल तर झोपेचं आधी ठरवा. कोळंबी अंडी घालते रात्री, आणि बारा-अठरा तासांत नॉप्लियस, म्हणजे पहिल्या अवस्थेतलं पिल्लू, बाहेर. तो पोटातल्या बलकावर जगतो. पुढच्या अवस्थेत आला की त्याला सूक्ष्म शैवाल हवंच, त्यामुळे शैवालाच्या टाक्या आधीपासून तयार ठेवाव्या लागतात.