रात्री टेन्शनने झोप येत नसेल तर
अंथरुणावर पडलं की कामाचं टेन्शन, हप्ते, मुलांची परीक्षा सगळं एकदमच डोक्यात फिरायला लागतं ना, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून प्रभूशी बोला, आणि नुसतं 'शांती दे' म्हणून थांबू नका, जे सतावतंय ते नाव घेऊन सांगा, उद्याची मीटिंग, आईचा रिपोर्ट, जे असेल ते. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:6-7 मध्ये येशूचा प्रेषित पौल हेच सांगतो, आणि तेही कैदेत असताना लिहिलंय बरं का! त्यात आभार मानायलाही सांगितलंय, ते आपण हमखास विसरतो, म्हणून आजची एक तरी चांगली गोष्ट आठवून थँक्यू म्हणा. शब्दच सुचत नसतील तर बायबलमधलंच स्तोत्र 23 हळूहळू वाचा, सहाच वचनं आहेत. रोजच झोप उडत असेल तर डॉक्टरांनाही नक्की दाखवा, प्रार्थना चालू ठेवूनच.